गांज्याने फौजीची झोप परत येते का?

दिवाळीच्या चार दिवसांत तुळिंजमध्ये झोप कुणालाच धड लागत नाही. इमारतीला इमारत चिकटलेली, मधल्या बोळात सुतळी बॉम्ब फुटला की आवाज तिसऱ्या मजल्यापर्यंत घुमत जातो. आपण कूस बदलतो आणि पुन्हा डोळे मिटतो. पण आमच्याकडे वर्षानुवर्षे येणारे एक निवृत्त हवालदार त्या चार रात्री न्हाणीघरात दार लावून बसतात. नळ सोडून ठेवतात, म्हणजे बाहेरचा आवाज कमी येतो. ही गोष्ट त्यांनी मला कधी सांगितली नव्हती. सांगितली ती त्यांच्या पत्नीने, तीही रक्तदाब मोजून झाल्यावर उठता उठता.

हवालदार मूळचे साताऱ्याकडचे. वय एकसष्ट. १९८७ साली शांतिसेनेबरोबर श्रीलंकेत गेले, जाफन्याच्या लढाईत होते. निवृत्तीनंतर इकडे आले आणि काही वर्षे एका सोसायटीत सुरक्षारक्षकाची नोकरी केली. रात्रपाळी ते आनंदाने घेत. त्याचे कारण आता कळले. रात्री जागे राहण्याचा पगार मिळत असेल तर झोपेची भीती कुणाला सांगावी लागत नाही.

या वेळी ते आले ते एक प्रश्न घेऊन. त्यांची मुलगी न्यू जर्सीत असते. तिने व्हॉट्सॲपवर पाठवले होते की अमेरिकेत लढाईवरून आलेल्या सैनिकांना गांजा औषध म्हणून मिळतो आणि त्याने वाईट स्वप्ने थांबतात. तिथे दुकानात त्याच्या गोळ्या मिळतात, लहान मुलांच्या जेलीच्या गोळ्यांसारख्या. गणपतीला येताना आणू का, असे तिने विचारले होते. हवालदार म्हणाले, "डॉक्टरसाहेब, आमच्या गावात गांजा ओढणाऱ्याला कुणी पोरगी देत नव्हतं. आता माझीच पोरगी मला आणून देते म्हणते. खरं काय ते सांगा."

प्रश्न सरळ होता, उत्तर मात्र दवाखान्याच्या पाच मिनिटांत बसणारे नव्हते. वसई तालुक्यात माजी सैनिकांची घरे पुष्कळ आहेत आणि असे निरोप अनेकांच्या फोनवर येत असणार, म्हणून या आठवड्यात हाच विषय घेतला आहे.

आधी आजाराचे नाव. पहिल्या महायुद्धात तोफांच्या माऱ्यातून परतलेले शिपाई थरथरत, मुके होत, रात्री किंचाळत. तेव्हा डॉक्टरांना वाटले की तोफगोळ्याच्या धक्क्याने मेंदूला इजा झाली आहे, म्हणून त्याला 'शेल शॉक' म्हणू लागले. अनेकांना भेकड ठरवून शिक्षाही झाल्या. व्हिएतनामच्या लढाईनंतर अमेरिकेतील माजी सैनिकांनी हा प्रश्न लावून धरला आणि १९८० साली तेथील मानसोपचार संघटनेने आपल्या आजारांच्या अधिकृत यादीत त्याला जागा दिली. मराठीत आपण त्याला आघातोत्तर तणाव विकार म्हणू. हा आजार केवळ फौजींना होतो असे नाही. रेल्वे अपघात, पूर, दंगल, बलात्कार यांतून वाचलेल्यांनाही होतो. घडून गेलेला प्रसंग मेंदू 'झाला' म्हणून बाजूला ठेवत नाही. तो अजून चालूच आहे असे धरून शरीराला सज्ज ठेवतो. म्हणून छाती धडधडते, माणूस पाठ भिंतीला लावून बसतो, लहानशा आवाजाने दचकतो, घरच्यांवर विनाकारण ओरडतो, आणि झोपेत तेच तेच पाहतो.

आता गांजा. या वनस्पतीत शंभराहून अधिक विशेष द्रव्ये आहेत, त्यांतील दोन आपल्या कामाची. नशा आणणारे टीएचसी आणि नशा न आणणारे सीबीडी. टीएचसी १९६४ साली इस्रायलमध्ये राफाएल मेशूलाम यांच्या प्रयोगशाळेत शुद्ध स्वरूपात वेगळे केले गेले. पुढे शास्त्रज्ञांना प्रश्न पडला की एका झाडाचे द्रव्य माणसाच्या मेंदूवर इतके नेमके कसे बसते? शोध घेता घेता १९९२ मध्ये त्याच गटाला कळले की मेंदू स्वतःच तसे एक द्रव्य बनवतो. त्याला त्यांनी नाव दिले 'आनंदामाइड', आपल्या संस्कृत 'आनंद' शब्दावरून. भीती, भूक, वेदना आणि आठवण यांचा आवाज कमीजास्त करण्याचे काम हे द्रव्य करते. तेव्हा भीतीच्या आजारावर गांज्याचा विचार व्हावा हे शास्त्राला धरून आहे, कुणा नशेबाजाची कल्पना नव्हे.

झोपेचेही तसेच. टीएचसीने झोप लवकर लागते आणि ज्या टप्प्यात आपल्याला ठळक स्वप्ने पडतात तो टप्पा आखडतो. स्वप्नच कमी, तर वाईट स्वप्नही कमी. कॅनडाच्या सैन्यातील डॉक्टरांनी २०१५ मध्ये नाबिलोन नावाच्या, टीएचसीसारख्याच पण कारखान्यात बनवलेल्या गोळीची दहा सैनिकांवर चाचणी प्रसिद्ध केली. तीत खोट्या गोळीपेक्षा खऱ्या गोळीने दुःस्वप्ने कमी झाली. पण माणसे दहाच, आणि अवधी काही आठवड्यांचा. शिवाय गांजा रोज घेतला की मेंदू सरावतो, पहिल्याइतक्या मात्रेने काम होत नाही. आणि घेणे थांबवले की दाबलेली स्वप्ने एकदम उसळून वर येतात, पहिल्यापेक्षा जोरात. रुग्णाला वाटते, बघा, औषध सोडले आणि आजार परत आला. वस्तुतः त्यातले बरेचसे औषध सोडल्याचे दुखणे असते. दारू सोडणाऱ्याची झोप उडते ती याच चालीने.

मुलीचा निरोप अर्धा खरा आहे, असे मी हवालदारांना म्हणालो. कोणता अर्धा, ते असे.

अमेरिकेत केंद्राच्या कायद्याने गांजा १९७० पासून सर्वांत कडक यादीत, हेरॉइनच्या पंक्तीला, बसवला गेला. वैद्यकीय उपयोग नाही अशा द्रव्यांची ती यादी. १९९६ साली कॅलिफोर्निया राज्यातील मतदारांनी कौल देऊन रुग्णांना तो मोकळा केला, आणि मग एकेक राज्य त्या वाटेने गेले. आज निम्म्याहून अधिक राज्यांत तो औषध म्हणून मिळतो. न्यू जर्सीत औषध म्हणून कायदा झाला २०१० साली, प्रौढांसाठी दुकाने उघडली २०२२ साली. या बदलात माजी सैनिकांचा वाटा मोठा. लांब केसांच्या तरुणाने गांजा मागितला तर आमदार हसून सोडून देत. पदके लावलेला, पाय गमावलेला शिपाई समितीसमोर उभा राहून म्हणू लागला की मला सरकारी इस्पितळाने दिलेल्या वेदनाशामक गोळ्यांचे व्यसन लागले, माझे सोबती आत्महत्या करून गेले, मला हे झाड घेऊ द्या, तेव्हा कुणाला हसता येईना. अमेरिकन लीजन ही तेथील माजी सैनिकांची जुनी आणि चांगलीच सनातनी संघटना. तिनेही २०१६ मध्ये ठराव करून गांजाला त्या कडक यादीतून काढा आणि संशोधन होऊ द्या अशी मागणी केली.

तरीही माजी सैनिकांच्या सरकारी इस्पितळांतील डॉक्टरांनी गांजा लिहून द्यायचा नाही, हा नियम त्या वादात कायम राहिला. सैनिकाने राज्याच्या कायद्याप्रमाणे तो घेतला तर त्याच्या सवलती जाणार नाहीत, डॉक्टरशी त्याबद्दल मोकळेपणाने बोलावे, एवढी मुभा मिळाली. म्हणजे 'अमेरिकेत सैनिकांना सरकार गांजा देते' हे खरे नाही. खरे आहे ते कॅनडाबाबत. तिथे माजी सैनिकांच्या खात्याने गांज्याची बिले चुकती करायला सुरुवात केली आणि रक्कम इतकी फुगली की २०१६ साली सरकारला मर्यादा ठरवावी लागली. दिवसाला दहा ग्रॅमपर्यंत मिळत होते ते तीन ग्रॅमवर आणले. अधिक हवे असेल तर तज्ज्ञ डॉक्टरचे पत्र लागेल असे ठरले. ही काटछाट जाहीर झाली तेव्हा तेथील माजी सैनिक रागावले, ते स्वाभाविक. पण दिवसाला दहा ग्रॅम म्हणजे किती, हे ज्याने गांजा ओढणारा माणूस जवळून पाहिला आहे त्याला सांगायला नको.

आणि पुरावा? अमेरिकेत युद्धाचा हा आजार असलेल्या माजी सैनिकांना खरा गांजा ओढायला देऊन एक शिस्तशीर चाचणी झाली. तिला मुख्य परवानगी २०११ मध्ये मिळाली आणि पहिला सैनिक दाखल झाला २०१७ मध्ये. मधली वर्षे कागद फिरवण्यात गेली, हे वाचून आपल्याकडच्या कचेऱ्यांबद्दलचा राग थोडा कमी होतो. चाचणीत ८० माजी सैनिक होते. कुणाला टीएचसी जास्त असलेला गांजा, कुणाला सीबीडी जास्त असलेला, कुणाला दोन्ही सारखे असलेला, आणि कुणाला द्रव्ये काढून टाकलेला नुसता पाला. तीन आठवडे. निकाल २०२१ मध्ये छापून आला. चारही गटांतील सैनिकांना बरे वाटले, आणि नुसता पाला ओढणाऱ्यांनाही जवळजवळ तितकेच बरे वाटले. फरक म्हणण्यासारखा निघाला नाही. २०२३ मध्ये अमेरिकेच्या संरक्षण खात्याने आणि माजी सैनिक खात्याने मिळून या आजाराच्या उपचारांची जी मार्गदर्शिका काढली तीत गांजा वापरू नये असेच म्हटले आहे.

एका चाचणीने शेवटचा शब्द लागत नाही. अवधी लहान होता, माणसे थोडी होती. माझे मत विचाराल तर संशोधन इतकी वर्षे अडवून ठेवणे ही सरकारांची चूकच होती. पुरावा गोळा होऊ द्यायचा नाही आणि मग पुरावा नाही म्हणायचे, हा न्याय नव्हे. पण सैनिकांच्या कळकळीने कायदा बदलला म्हणजे औषध सिद्ध झाले, असेही नाही. मते मोजून कायदा ठरतो, औषध ठरत नाही.

हा सगळा वाद आपल्याकडे नवा आहे असे समजण्याचे कारण नाही. १८९३ साली इंग्रज सरकारने भांग, गांजा आणि चरस यांच्या चौकशीसाठी एक आयोग नेमला. सात सदस्य, त्यांत तीन हिंदी. त्यांनी देशभर फिरून ११९३ साक्षी घेतल्या. आपल्या मुंबई इलाख्यातही चौकशी झाली. नगर जिल्ह्यात तेव्हा गांज्याची रीतसर लागवड होती. इतकेच नव्हे, देशी पलटणींच्या अधिकाऱ्यांनाही प्रश्न पाठवले गेले की शिपाई गांजा घेतात का, घेऊन त्यांची शिस्त बिघडते का. त्या उत्तरांचा एक स्वतंत्र पुरवणी खंड निघाला आहे. फौजी आणि गांजा हा विषय तेव्हापासून सरकारदरबारी आहे!

त्या आयोगाचे एक काम मला डॉक्टर म्हणून फार आवडते. त्या काळी वेड्यांच्या इस्पितळांच्या वहीत 'कारण : गांजा' अशा नोंदी पुष्कळ असत. आयोगाने १८९२ सालचा एकेक रुग्ण घेऊन विचारले, ही नोंद केली कुणी? तर बहुधा पोलिसाने. रुग्णाला घेऊन येणाऱ्या पोलिसाला कारणाचा रकाना भरावाच लागे आणि गांजा हे सोयीचे कारण होते. तपासाअंती निम्म्याहून अधिक नोंदी टिकल्या नाहीत. उरलेल्या मात्र टिकल्या, हेही विसरता येत नाही. आयोगाचा निष्कर्ष असा की बेताने घेणाऱ्याला फारसा अपाय होत नाही, अतिरेक करणाऱ्याला होतो, आणि समूळ बंदी घालू नये, कर व परवाने यांनी आळा घालावा. तेव्हाचा गांजा आजच्यापेक्षा सौम्य होता हे ध्यानात ठेवावे. परदेशात आता दुकानात मिळणारे वाण आणि अर्क जाणूनबुजून टीएचसी वाढवून तयार केलेले असतात.

आपल्याकडे बंदी आली ती १९८५ च्या अमली पदार्थ कायद्याने. १९६१ च्या आंतरराष्ट्रीय कराराने भारताला दिलेली मुदत संपत आली होती. त्या कायद्यात गांजा म्हणजे झाडाचे फुलोऱ्याचे शेंडे, चरस म्हणजे राळ. नुसती पाने आणि बिया त्या व्याख्येत नाहीत. म्हणूनच भांग राज्यांच्या कायद्यांकडे राहिली. आपल्या राज्यात ती १९४९ च्या दारूबंदी कायद्याच्या कक्षेत येते, तेव्हा भांग मोकळी आहे असा समज करून घेऊ नये. डिसेंबर २०२० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आयोगात गांजाला सर्वांत घातक द्रव्यांच्या यादीतून काढण्यावर मतदान झाले. २७ विरुद्ध २५ अशा काठावरच्या मतांनी ठराव संमत झाला आणि भारताने बाजूने मत दिले. ही बातमी तेव्हा फोनवर 'भारतात गांजा कायदेशीर' अशी फिरली. ते साफ खोटे होते. त्या मताने आपला कायदा एका अक्षराने बदलला नाही.

कायद्यात किलोपर्यंतचा गांजा 'अल्प प्रमाण' धरतात, तरी त्याला वर्षापर्यंत सक्तमजुरी किंवा दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. वीस किलोच्या वर गेले तर किमान दहा वर्षे. आता मुलीच्या जेलीच्या गोळ्या पाहा. न्यू जर्सीच्या दुकानाची पावती असली तरी मुंबईच्या विमानतळावर ती आयात ठरते. शिवाय २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले आहे की मिश्रणात वजन धरायचे ते सगळ्या मिश्रणाचे. म्हणजे गोळीतली साखर आणि जिलेटिनही अमली पदार्थाच्या वजनात मोजले जाणार. हे सांगितल्यावर हवालदारांनी तिथेच फोन काढला आणि मुलीला निरोप टंकला. वहिनी म्हणाल्या, "अहो, सावकाश लिहा, ती घाबरेल." त्यांनी काय लिहिले ते मी पाहिले नाही. पण निरोप लहान होता.

कायदेशीर मार्ग मुळीच नाही असे नाही. आयुर्वेदात या झाडाला विजया म्हणतात आणि जातीफलादि चूर्णासारख्या जुन्या योगांत भांगेची पाने आहेत. औषधांच्या नियमांत ती विषारी द्रव्यांच्या सूचीत येतात, म्हणून अशा औषधावर वैद्याच्या देखरेखीखालीच घेण्याची सूचना छापावी लागते. अलीकडे विजयाचे तेल फोनवरून मागवणारे वाढले आहेत. कुणी घेत असेल तर माझी एकच विनंती : आपल्या डॉक्टरपासून लपवू नका.

कारण आमच्या हवालदारांचाच दाखला घ्या. तीन वर्षांपूर्वी त्यांच्या हृदयात स्टेंट बसवला आहे. टीएचसीने नाडी जोरात चालते, उभे राहताना रक्तदाब एकदम खाली येतो. बायपास किंवा स्टेंट झालेल्या माणसाला हे परवडत नाही. रक्त पातळ ठेवण्याच्या काही गोळ्यांचा, विशेषतः वॉरफेरिनचा, परिणाम गांज्यातील द्रव्ये वाढवतात आणि रक्तस्राव होऊ शकतो. प्रोस्टेटसाठी गोळी घेणारा साठीचा माणूस रात्री लघवीला उठतो, त्यात ही गुंगी, आणि खुब्याचे हाड मोडायला एक पायरी पुरते. घरात कुणाला स्किझोफ्रेनियासारखा आजार असेल तर भ्रम सुरू होण्याचा धोका वाढतो. ओढणाऱ्याच्या फुप्फुसांचे तर वेगळे सांगायला नको.

आणि खरे सांगायचे तर माझ्याकडे येणाऱ्या माजी सैनिकांत गांजा घेणारा क्वचितच दिसतो. दिसते ती रम. कँटीनचा कोटा हक्काचा असतो, त्यात लाज नसते, आणि दोन पेग घेतले की डोळा लागतो. पहाटे तीनला मात्र दारू उतरते आणि माणूस छताकडे बघत पडतो, त्याच त्या स्वप्नातून उठून. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या केंद्र सरकारच्या पाहणीत आधीच्या वर्षभरात गांजा, भांग वा चरस घेतलेले लोक सुमारे ३ कोटी १० लाख निघाले आणि दारू पिणारे १६ कोटी. गांजावर आपण जितके बोलतो त्याच्या पाचपट कधी या दुसऱ्या आकड्यावर बोलतो का? हवालदारांना विचारले, "किती घेता?" ते वहिनींकडे पाहू लागले. उत्तर वहिनींनी दिले.

या आजारावर आज ज्यांचा गुण सिद्ध झालेला आहे असे उपचार आहेत, आणि ते साधे वाटतात म्हणून लोकांना खोटे वाटतात. मुख्य उपचार बोलण्याचा. पण नुसत्या गप्पा नव्हेत. प्रशिक्षित मानसतज्ज्ञासमोर तो प्रसंग ठरलेल्या रीतीने पुन्हा पुन्हा सांगायचा, टाळलेल्या गोष्टींना थोडे थोडे सामोरे जायचे. आठ ते पंधरा बैठका लागतात. सुरुवातीच्या दोन-तीन बैठकांनंतर त्रास वाढल्यासारखा वाटतो आणि तिथेच बहुतेक जण सोडून देतात. घरच्यांनी धरून ठेवायचे ते तेव्हा. जोडीला सर्ट्रालीनसारखी गोळी दिली जाते. तिची सवय लागत नाही, पण गुण यायला चार ते सहा आठवडे लागतात आणि ती मनाने थांबवायची नसते.

माजी सैनिकांना २००३ पासून ईसीएचएस योजनेचा दाखला आहे, तिच्या पॉलिक्लिनिकमधून मानसोपचारतज्ज्ञाकडे चिठ्ठी मिळते. तिथे गुडघ्यासाठी, मधुमेहासाठी सगळे जातात, झोपेसाठी कुणी जात नाही. फोनवर बोलायचे असेल तर टेलिमानसचा १४४१६ हा क्रमांक आहे, दिवसरात्र आणि मराठीतही. सैन्यदलांसाठी त्याचा वेगळा कक्ष डिसेंबर २०२३ मध्ये पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात सुरू झाला. व्यसनासाठी १४४४६. पुण्याचे मुक्तांगण, अनिल आणि डॉ. अनिता अवचट यांनी १९८६ साली सुरू केलेले, ते आहेच. ज्यांच्या घरात कुणी खरोखर गांज्यात अडकला आहे त्यांना एक गोष्ट माहीत असावी. कायद्याच्या ६४अ कलमाने, अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यातील व्यसनी माणूस स्वतःहून मान्यताप्राप्त केंद्रात उपचारासाठी दाखल झाला तर त्याला खटल्यापासून सूट मिळू शकते. हे कलम वकिलालाही आठवण करून द्यावे लागते.

हवालदारांनी चिठ्ठी घेतली. पहिल्या बैठकीला गेले, दुसरीला गेले नाहीत, वहिनींनी तिसरीला नेले. सहाव्या बैठकीनंतर दवाखान्यात डोकावले ते रक्तदाब दाखवायला. झोपेचे विचारले तर म्हणाले, स्वप्न येते, पण आता त्यात शेवटी उजाडते. रमची बाटली अजून कपाटात आहे. ती पाहुण्यांसाठी आहे असे ते म्हणतात, आणि वहिनी काही बोलत नाहीत. येत्या दिवाळीत चार दिवस साताऱ्याकडे गावी जायचे त्यांनी आत्ताच ठरवून टाकले आहे. गावात घर शिवारात आहे, फटाके लांब वाजतात.